हुंकाराला हुंकार: 'इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन'चा इतिहास

'इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन' ही संवादाची पद्धत १९८०च्या दशकात इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात, तीव्र बौद्धिक दिव्यांगांना ठेवण्यासाठी बांधलेल्या मोठ्या इस्पितळांत आकाराला आली. ज्याला बोलता येत नाही, बोललेले फारसे उमगत नाही आणि जो बहुतेक वेळ स्वतःतच गुंतलेला असतो, अशा माणसाला आपली भाषा शिकवत बसायचे नाही. तो जे काही करतो आहे तेच त्याचे बोलणे मानायचे आणि आपण त्यात सामील व्हायचे, हे तिचे सूत्र. तो हुंकारला की हुंकार द्यायचा, त्याने फरशीवर बोटे वाजवली की आपणही वाजवायची, तो थांबला की थांबायचे आणि वाट पाहायची. आज विशेष शाळा, निवासी गृहे, मानसोपचाराची काही केंद्रे आणि डिमेन्शियाची सेवा इथवर ती पोचली आहे. इतकी साधी गोष्ट सुचायला एवढा काळ का लागला, याचे उत्तर तिच्या आधीच्या इतिहासात आहे. बदलायचे कोणी, हा प्रश्न त्या इतिहासात जवळजवळ विचारलाच गेला नव्हता. बदलायचे ते रुग्णाने, हे सगळ्यांनी धरूनच चालले होते.

या इस्पितळांची घडणच तशी होती. लीव्हज्डन हे इस्पितळ १८७० साली लंडनमधल्या गरीब 'मंदबुद्धी' लोकांसाठी उघडले. हार्परबरी पुष्कळ नंतरचे. पहिल्या महायुद्धातल्या विमानतळाच्या जागेवर १९२८पासून 'मिडलसेक्स कॉलनी' या नावाने ते सुरू झाले. शहरापासून दूर, भोवती शेते, आत ओळीने वॉर्ड. माणूस लहानपणी आत यायचा आणि बहुधा तिथेच म्हातारा व्हायचा. लांबलचक दालनांत खाटांमध्ये हातभर अंतर, दिवसभराच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या. जेवण, अंघोळ, कपडे हे सगळे ठरलेल्या वेळी, आणि बोटांवर मोजण्याइतक्या कर्मचाऱ्यांकडून. कोणाशी निवांत बसून दोन घटका घालवणे हे काम म्हणून कुठेच नोंदलेले नव्हते.

१९४४च्या शिक्षण कायद्याने तीव्र बौद्धिक दिव्यांग मुलांना 'शिक्षणास अपात्र' ठरवता येत होते. असा शिक्का बसला की मूल शिक्षण खात्याच्या हातून आरोग्य खात्याकडे जायचे. १९६७ साली कार्डिफच्या ईली इस्पितळातल्या मारहाणीच्या आणि हेळसांडीच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या. त्यावर जेफ्री हाऊ यांच्या समितीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या संस्थांकडे देशाचे लक्ष गेले. १९७०चा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा एप्रिल १९७१ मध्ये अमलात आला. त्याने 'शिक्षणास अपात्र' हा वर्गच रद्द केला. मूल कितीही बाधित असो, त्याला शाळा मिळालीच पाहिजे, असे ठरले. एका रात्रीत हजारो मुले कागदोपत्री विद्यार्थी झाली आणि इस्पितळांच्या आवारातल्या केंद्रांना शाळेचा दर्जा मिळाला. शिकवायचे काय, हे मात्र कायद्यात नव्हते.

ती पोकळी वर्तनवादाने भरून काढली. त्याची या क्षेत्रातली सुरुवात अमेरिकेत झाली होती. पॉल फुलर यांनी १९४९ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा वर्षांचा एक मुलगा, उताणा पडून असलेला, कूस बदलता न येणारा. तो काही शिकू शकणार नाही असे डॉक्टरांचे मत होते. फुलर यांनी त्याचा उजवा हात जरा हलला की त्याच्या तोंडात कोमट, साखर घातलेल्या दुधाची पिचकारी सोडायला सुरुवात केली. थोड्याच सत्रांत तो मुलगा हात पुन्हापुन्हा उचलू लागला. 'याला शिकता येत नाही' हा समज खोटा ठरला, आणि हे श्रेय वर्तनवादाला द्यायलाच हवे. पण त्या निबंधाच्या शीर्षकात या मुलाचा उल्लेख वनस्पतीवत जगणारा मानवी जीव असा आहे. त्याने हात उचलावा हे ठरवणारे दुसरेच कोणी होते. दूध सोडणारा त्याच्याशी काही बोलला का, याला प्रयोगात स्थान नव्हते.

१९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या विशेष शिक्षकांना याच विचाराचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळू लागले. मँचेस्टर विद्यापीठातून निघालेला 'ईडीवाय' हा अभ्यासक्रम त्यात सर्वांत परिचित होता. कौशल्याचे बारीक तुकडे पाडायचे, एकेक तुकडा शिकवायचा, जमले की बक्षीस द्यायचे, तक्त्यात खूण करायची. चमचा धरणे, बटण लावणे, ठोकळ्यावर ठोकळा ठेवणे अशा कामांत पद्धतीचा उपयोग झालाही. संवादाच्या बाबतीत ती अडखळली. 'माझ्याकडे बघ' असे सांगून मान वळवली की चॉकलेटचा तुकडा, या कवायतीने विद्यार्थी बघायला शिकत असे, पण ते बघणे चॉकलेटकडे असे. शिवाय सर्वांत गंभीर विद्यार्थ्यांना बक्षिसाचेही काही वाटत नसे. ते डोलत राहत, बोटे डोळ्यांपुढे नाचवत, काही जण स्वतःला चावत किंवा डोके आपटत. आणि हे वागणे थांबवणे हेच मग शाळेचे पहिले काम होऊन बसे.

दरम्यान अगदी वेगळ्या दालनात दुसरे काही चालले होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये जेरोम ब्रूनर यांच्यासोबत आणि पुढे एडिंबरा विद्यापीठात कॉल्विन ट्रेव्हार्थन यांनी आई आणि तान्ह्या बाळाचे चित्रीकरण करून ते संथ गतीने तपासले. अमेरिकेत डॅनियल स्टर्न, ब्रिटनमध्ये रुडॉल्फ शॅफर हेही याच वाटेवर होते. १९७५ मध्ये मेरी कॅथरीन बेटसन यांनी दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या आणि आईच्या आवाजांची पाळीपाळीने होणारी देवघेव नोंदवून तिला संभाषणाचे आदिरूप म्हटले. या चित्रफितींतून दिसले ते घराघरातल्या आज्यांना नवे नव्हते, प्रयोगशाळेला मात्र होते. बाळ आईची नक्कल करते त्याहून कितीतरी अधिक आई बाळाची करते. बाळाने 'आ' केले की आई 'आ' करते, तिच्या आवाजाची पट्टी बाळाच्या पट्टीला जुळते, बाळाने तोंड फिरवले की ती थांबते आणि ते परत वळेपर्यंत काही बोलत नाही. बाळ काय करेल त्याला ती अर्थ आहे असे धरून उत्तर देते, आणि असे उत्तर मिळत राहिल्यामुळेच त्याला पुढे खरोखर अर्थ येतो.

लिन मरे आणि ट्रेव्हार्थन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचा पुरावा म्हणून अजून सांगितला जातो. आई आणि बाळ वेगवेगळ्या खोल्यांत. दोघांना एकमेकांचा चेहरा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्याच क्षणी दिसतो. दोघांचे छान जमते. मग संशोधक बाळाला आईचे आधीचेच चित्रण पुन्हा दाखवतात. तोच चेहरा, तेच हसू, तेच लाडाचे बोलणे; फक्त ते आता बाळाच्या या क्षणाच्या हालचालीला दिलेले उत्तर नाही. बाळ गोंधळते, नजर काढून घेते, अस्वस्थ होते. प्रेमळ चेहरा पुरेसा नसतो, तो आपल्याला प्रतिसाद देणारा असावा लागतो, हे दोन-तीन महिन्यांच्या बाळालाही कळते. वॉर्डातल्या हसतमुख पण घाईत असलेल्या परिचारिकेचे चांगले वागणे रुग्णांपर्यंत का पोचत नव्हते, याचा खुलासा याच प्रयोगात मिळतो.

दृष्टी आणि श्रवण दोन्ही बाधित असलेल्या मुलांच्या शिक्षणात तर हे तत्त्व आधीच हाताशी आले होते. नेदरलँड्समधल्या सिंट-मिखिल्सगेस्टेल इथल्या संस्थेत यान फान डाइक यांनी १९६०च्या दशकात, रुबेलाच्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांबरोबर काम करताना, मुलाच्या पाठीला पाठ किंवा अंगाला अंग लावून त्याच्याच लयीत डोलायचे आणि मध्येच थांबायचे अशी रीत बसवली. थांबल्यावर मुलाने अंगाला जरा झटका दिला की तो 'आणखी' असा निरोप समजायचा. मात्र बहिरांधांचे शिक्षण आणि बौद्धिक दिव्यांगांची इस्पितळे या दोन जगांमध्ये येजा फार कमी होती.

बाळांवरचे संशोधन वॉर्डात आणले ते लीव्हज्डन इस्पितळातले मानसशास्त्रज्ञ जेरंट एफ्राइम यांनी. ब्रुनेल विद्यापीठासाठी १९७९ साली लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी बौद्धिक दिव्यांगत्वातल्या विकासक्रमाचा विचार मांडला होता, आणि १९८०च्या दशकात आपल्या कामाला ते 'ऑगमेंटेड मदरिंग', म्हणजे वाढीव मातृत्व, म्हणू लागले. १९८६ मध्ये त्यांची या विषयावरची छोटी पुस्तिका निघाली. त्यांचा तर्क सरळ होता. संवादाचा पाया ज्या देवघेवीतून पडतो ती या माणसांच्या वाट्याला पुरेशी आलीच नाही. एक तर अपंगत्वामुळे त्यांचे संकेत अस्पष्ट होते, आणि दुसरे म्हणजे ते ओळखायला कोणी जवळ नव्हते. मग वय तीस असो की पन्नास, सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

लीव्हज्डनपासून काही मैलांवर हार्परबरीच्या इस्पितळ-शाळेत डेव्ह ह्यूएट मुख्याध्यापक होते आणि मेलानी निंड शिक्षिका. विद्यार्थी इस्पितळातच राहणारे किशोर आणि तरुण. अनेकांना माणसे जवळ आलेली खपत नसत, काही जण अंगावर धावून जात. ठोकळे आणि तक्ते यांनी शिक्षकही थकले होते. एफ्राइम यांच्या कल्पना आणि बाळांवरचे संशोधन हाताशी घेऊन या शिक्षकांनी वर्गाचा कार्यक्रम हळूहळू मोडून टाकला. टेबले बाजूला गेली. शिक्षक विद्यार्थ्याच्या शेजारी फरशीवर, त्याच्या नजरेच्या जरा खालच्या पातळीवर बसू लागले. हातात साहित्य नाही, मनात ठरवलेला पाठ नाही. एखादा विद्यार्थी डोलत बसला असेल तर आधी नुसते पाहायचे: डोलण्याचा वेग काय, श्वास कुठे अडतो, घशातून आवाज केव्हा निघतो. मग त्याच आवाजाची एखादी पुसट प्रतिकृती द्यायची आणि गप्प राहायचे. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. कधी डोलणे क्षणभर थांबते. थांबले म्हणजे ऐकले. पुढच्या वेळी तो आवाज काढून पुन्हा थांबतो, आणि या खेपेला शिक्षकाची वाट पाहतो. त्याने तोंड फिरवले की सत्र संपले. त्याला ओढून परत आणायचे नाही, हा नियम मोडायचा नाही.

नुसती नक्कल म्हणजे ही पद्धत नव्हे, यावर ह्यूएट आणि निंड यांनी पुढे वारंवार भर दिला. हुबेहूब नक्कल चिडवल्यासारखी होते. कधी आवाजाला स्पर्शाने उत्तर द्यायचे, कधी डोलण्याला गुणगुणण्याने, कधी नुसत्या भुवया उंचावून. हार्परबरीचे शिक्षक सत्रांचे व्हिडिओ चित्रण करीत आणि संध्याकाळी एकत्र बसून ते पाहत. विद्यार्थ्याने दिलेला बारीकसा संकेत समोर असताना आपल्याला दिसला नाही, हे पडद्यावर दिसे. आपण फार लवकर बोललो, फार जोरात हसलो, थांबायला हवे होते तिथे थांबलो नाही, अशाच शेऱ्यांनी नोंदी भरत. इथे तपासणीखाली शिक्षक आला होता, आणि या पद्धतीच्या इतिहासातला खरा बदल हाच मानायला हवा.

१९८८ साली दोघांनी ब्रिटनमधल्या विशेष शिक्षणाच्या नियतकालिकात, देवघेव हाच अभ्यासक्रम अशा आशयाचा लेख लिहिला. १९९४ मध्ये त्यांचे 'अॅक्सेस टू कम्युनिकेशन' हे पुस्तक आले आणि 'इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन' हे नाव रूढ झाले. शिकवायचे काय, या १९७१च्या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी देऊन टाकले: दुसऱ्या माणसाच्या सहवासात रमणे, त्याच्याकडे लक्ष देणे, पाळी घेणे आणि देणे, नजरेचा आणि चेहऱ्याचा वापर, स्पर्श समजणे, आवाजाला अर्थ देणे, आपली उत्तेजना आवरणे. शब्द येण्याआधीच्या या गोष्टींना त्यांनी संवादाची मूलतत्त्वे म्हटले. त्यांचे तुकडे पाडून शिकवता येत नाहीत, त्या सगळ्या एकाच वेळी, एकमेकींत गुंतून वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते.

विरोध झाला, आणि तो अनपेक्षित बाजूने आला. स्वीडनचे बेंग्ट नीर्ये आणि अमेरिकेत काम करणारे वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांनी मांडलेला 'सामान्यीकरणा'चा विचार तेव्हा ब्रिटनच्या सेवांमध्ये जोरात होता. अपंग प्रौढाला प्रौढासारखे वागवा, समाजाच्या नजरेत त्याची किंमत वाढेल असे जगणे त्याला द्या, हा त्याचा गाभा. इस्पितळे बंद करण्याच्या चळवळीला त्याच विचाराचे बळ होते, त्यामुळे त्याला नावे ठेवणे सोपे नव्हते. पण व्यवहारात त्याचा एक कडक नियम झाला: वयाला शोभेल तेच. चाळिशीतल्या माणसाच्या हातातला खुळखुळा काढून घेतला गेला आणि त्याला न कळणारे मासिक त्याच्या मांडीवर ठेवले गेले. अशा वेळी मोठ्या माणसापुढे बसून बाळाशी करावे तसे हुंकारणे म्हणजे त्याचा अपमान, असे अनेक अधिकाऱ्यांना प्रामाणिकपणे वाटे. निंड आणि ह्यूएट यांचे उत्तर असे की ज्याला समजेल अशा रीतीने त्याच्याशी बोलणे हाच आदर. वयाचा मान राखायचा म्हणून त्याला एकटे पाडणे हा नव्हे. स्पर्शाबद्दलच्या शंका अधिक रास्त होत्या. बंद दारांआडच्या छळाचा इतिहास ताजा असताना, काय मान्य आणि काय नाही हे लेखी असणे, सत्र इतरांच्या नजरेसमोर होणे आणि स्पर्शाला नकार देण्याचा हक्क त्या व्यक्तीला असणे, या अटी हळूहळू पद्धतीचाच भाग झाल्या.

याच काळात एफ्राइम यांच्याकडून प्रेरणा घेऊन फीबी कॉल्डवेल यांनी वेगळी शाखा वाढवली. त्यांचा भर ऑटिझमवर होता. डोके आपटणे किंवा चावणे हे 'वाईट वागणे' म्हणून न पाहता, आवाज-प्रकाश-स्पर्शाचा मारा असह्य झाल्याची ती खूण असू शकते, हे त्यांनी धरले. आधी तो मारा कमी करायचा, मग त्या व्यक्तीच्या देहबोलीतून तिच्याशी बोलायचे. त्यांच्या चित्रफितींमुळे ही पद्धत पालकांपर्यंत गेली.

मानसोपचारात याला समांतर अशी वाट अमेरिकेत आधीच पडली होती. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली उपचार यशस्वी होण्याच्या ज्या अटी सांगितल्या, त्यातली पहिलीच अट दोन व्यक्तींमध्ये मानसिक संपर्क असणे ही होती. संपर्कच नसेल तर काय करायचे, हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते. शिकागोत यूजीन जेंडलिन यांच्याकडे शिकलेल्या गॅरी प्राउटी यांनी नेमके तेच काम हाती घेतले. बौद्धिक दिव्यांगत्व आणि तीव्र मनोविकार एकत्र असलेल्या, समुपदेशकांनी सोडून दिलेल्या रुग्णांसाठी त्यांनी 'प्री-थेरपी' उभी केली; १९७६ पासून तिच्यावरचे त्यांचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. तिच्यात अर्थ लावायचा नसतो, सल्ला द्यायचा नसतो. समोर जे आहे ते शब्दांत किंवा शरीराने परत करायचे. रुग्ण भिंतीवर हात ठेवून उभा असेल तर 'तुमचा हात भिंतीवर आहे'; चेहरा कसनुसा झाला तर 'तुम्ही घाबरलेले दिसता'; हात वर धरला असेल तर आपणही तसाच धरायचा; तुटक शब्द आला तर तोच शब्द; आणि ज्याला प्रतिसाद मिळाला ते थोड्या वेळाने पुन्हा. वरकरणी हा खुळेपणा वाटतो. पण जगाशी, स्वतःशी आणि दुसऱ्याशी असलेले नाते सुटलेल्या माणसाला या प्रतिध्वनीतून आधी 'इथे मी आहे आणि इथे कोणीतरी आहे' एवढे मिळते, आणि त्यानंतरच खरे समुपदेशन सुरू होऊ शकते. बेल्जियममधल्या गेंट इथे दिओन फान वेर्डे यांनी हे तत्त्व एका मनोरुग्ण वॉर्डाच्या रोजच्या व्यवहारात उतरवले. लंडनमध्ये व्हॅलरी सिनासन यांनी मनोविश्लेषणाच्या अंगाने काम केले आणि १९९२च्या पुस्तकात बौद्धिक दिव्यांगांना मानसोपचाराचा उपयोग नाही या समजाला उघड आव्हान दिले. हार्परबरीचे शिक्षक आणि हे उपचारक वेगवेगळ्या परंपरांतले. तरीही ज्याला शब्द नाहीत त्याच्याकडे आपणच जायचे, यावर त्यांचे एकमत दिसते.

पुराव्याची बाजू मात्र लंगडीच राहिली. निंड यांनी हार्परबरीतल्या सहा विद्यार्थ्यांचा दीर्घ अभ्यास करून १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. सगळ्यांत संवादाची काही ना काही वाढ दिसली. १९९८ मध्ये एफ्राइम आणि सहकाऱ्यांनी एका प्रौढ पुरुषाबद्दल लिहिले, २००० साली मेरी केलेट यांनी 'सॅम' या टोपणनावाने एका लहान मुलाची हकीकत मांडली. डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक आणि कॉल्डवेल यांनी २००९ मध्ये दाखवले की अनेकांमध्ये पहिल्याच सत्रात नजर आणि जवळीक वाढते. पण हे बहुतेक अभ्यास मोजक्या व्यक्तींवरचे, आणि अनेक तर पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनीच केलेले. माणसे एकमेकांहून इतकी वेगळी असताना दोन सारखे गट पाडून तुलना करायची कशी, ही अडचण खरी आहे. पुरस्कर्ते तिचा आडोसाही घेतात, हेही तितकेच खरे.

दरम्यान इस्पितळेच मिटत गेली. लीव्हज्डन १९९५ मध्ये बंद झाले, हार्परबरी २००१ मध्ये. रहिवासी वस्तीतल्या छोट्या घरांत गेले आणि पद्धतीची जबाबदारी शिक्षकांकडून कमी पगाराच्या, सतत बदलणाऱ्या काळजीवाहकांकडे आली. ऑक्सफर्डच्या जुडिथ सॅम्युअल आणि निंड यांनी अशा घरांतल्या प्रौढांबरोबरचा २००८ सालचा अभ्यास केला तो याच परिस्थितीत. शिकलेला कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर संवादही जाई. फरशी पुसणे, औषधे देणे, नोंदवही भरणे यांच्या शेजारी 'शेजारी बसणे' हे काम दिसत नाही, आणि सहकाऱ्यांसमोर हुंकारताना अनेकांना संकोच वाटतो. लीड्सचे ग्रॅहॅम फर्थ यांनी याच सुमारास पद्धतीच्या दोन वेगळ्या रूपांकडे लक्ष वेधले. एका रूपात ती सहवासासाठी आहे: माणूस आहे तसा, पटकन माणसांत सामील होतो आणि तेवढे पुरे असते. दुसऱ्यात ती विकासासाठी आहे: महिनोन्महिने चालते, नवे संवादगुण येतात की नाही हे तपासते. पहिले रूप पटकन दिसते आणि कर्मचाऱ्यांना उभारी देते. दुसऱ्याला सातत्य, नोंदी आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो, म्हणून ते बहुधा मागे पडते.

पद्धतीचा सर्वांत अलीकडचा विस्तार उलट्या दिशेने झाला. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात मॅगी एलिस आणि आर्लीन अॅस्टेल यांनी ती डिमेन्शियाच्या अखेरच्या टप्प्यातल्या लोकांसाठी वापरली आणि तिला 'अॅडॅप्टिव्ह इंटरॅक्शन' हे नाव दिले. इथे संवाद घडवायचा नसतो, आयुष्यभर बोललेल्या आणि आता शब्द गमावलेल्या माणसात संवादाचा जो भाग उरला आहे तो ओळखायचा असतो. ताल धरणे, पाळी घेणे, चेहऱ्याला चेहऱ्याने उत्तर देणे या गोष्टी भाषा गेल्यावरही पुष्कळ काळ टिकतात, असे त्यांना आढळले. त्यांचे प्रशिक्षण परिचारिकांबरोबर घरच्यांसाठीही आहे, आणि त्याची सुरुवात व्हिडिओपासूनच होते: आधी रुग्णाचे चित्रण पाहायचे, त्याचे आवाज आणि हालचाली टिपायच्या, आणि मग समोर जाऊन बसायचे.